धुक्यातला दिवा आणि रस्त्यावरची बैलगाडी

ऊस विकास विभागाने बेण्यावर, खतावर लिहावे, दिव्याच्या बल्बवर कशाला, असे कोणी म्हणेल. पण पिकवलेला ऊस शेवटी रस्त्यानेच कारखान्यात येतो. ऐन गळिताच्या दिवसांत तापीकाठी पहाटे कधी कधी असे धुके उतरते की ट्रॅक्टरच्या बोनेटपुढचे दिसत नाही.

मागच्या हंगामात अशाच पहाटे आम्ही मोटारसायकलवर शिवारफेरीस निघालो होतो. समोरून ट्रॅक्टर आला. फॉगलाईटमध्ये पांढरेफेक एलईडी बल्ब! डोळे असे दिपले की कडेने चाललेली तोडणी मजुराची बैलगाडी अगदी दोन हातांवर आल्यावर दिसली. थांबवून विचारले, तर ड्रायव्हरभाऊ म्हणाले, "साहेब, जुना मिणमिणता होता. दुकानदाराने हाच भारी म्हणून दिला."

घोळ इथेच आहे. फॉगलाईटचे काम लांब झोत टाकणे नव्हे. तो खाली बसवतात. प्रकाश रुंद, चपटा आणि वरून कापल्यासारखा हवा. वर गेलेला प्रकाश धुक्याच्या थेंबांवरून आपल्याच डोळ्यांत परततो. हॅलोजनचा रिफ्लेक्टर बल्बमधल्या तारेच्या जागेवर बेतलेला असतो. त्यात भलताच एलईडी घातला की उजेड चहूकडे फाकतो. पिवळा बल्ब धुके भेदतो म्हणतात, तेही फारसे खरे नाही. रंगापेक्षा झोताची कड महत्त्वाची.

म्हणून दुकानात जुना बल्ब सोबत न्या आणि बुडावरचे आकडे वाचा. एच ३, एच ८, एच ११ ही निरनिराळी मापे आहेत. एच ८ आणि एच ११ दिसायला जुळे भाऊ, पण पहिला ३५ वॅटचा, दुसरा ५५ वॅटचा. खाच कापून बसवू नये. ट्रॅक्टरला १२ व्होल्ट, बऱ्याच ट्रकना २४ व्होल्ट लागतात. ५५ वॅटच्या जागी १०० वॅट घालाल तर १२ व्होल्टवर साडेचार अँपियरऐवजी आठाच्या वर करंट ओढला जाईल. वायर तापेल, होल्डर वितळेल. मागे वाळक्या पाचटाची ट्रॉली आहे, हे ध्यानात असू द्या. हॅलोजनच्या काचेला बोट लावू नका, फडक्याने धरा. बोटाच्या तेलाने काच तेवढ्याच जागी तापते नि बल्ब लवकर जातो.

आमचे स्पष्ट मत आहे की वाहतुकीचा करार करताना कारखान्याने टायरबरोबर दिवेही तपासावेत. आणि बैलगाडीच्या मागे लाल रिफ्लेक्टर लावल्याशिवाय तिला पहाटे रस्त्यावर सोडू नये. गाडीवानाकडे तर फॉगलाईटही नसतो.