जमीन कोठून मोजावी?

घराची उंची किती, हा प्रश्न वरकरणीं इतका सोपा दिसतो कीं, तो अग्रलेखाचा विषय व्हावा याचें आमच्या कांहीं वाचकांस नवल वाटेल. दोरी घ्यावी, गच्चीवरून खालीं सोडावी, ती जमिनीस टेंकली कीं मोजावी. यांत वादास जागा ती कोणती? परंतु दोरीचें वरचें टोंक कोठें धरावें याविषयीं जितका तंटा होत नाहीं, तितका खालचें टोंक कोठें टेंकावें याविषयीं होतो. कारण उघड आहे. गच्ची मालक एकदांच बांधतो. जमीन मात्र त्यास हवी तितक्या वेळां वर उचलतां येते. मुरुमाच्या गाड्या रिकाम्या केल्या, माती धरून ठेवणारी एक भिंत घातली, कीं काल ज्यास सर्व आळी खड्डा म्हणत होती त्यास आज नकाशांत ‘जमीन’ हें नांव मिळतें, व मोजणी तेथून सुरू होते.

यांत कोणाचें काय जातें, असें कोणी विचारील. शेजाऱ्याचें जातें, भाडेकऱ्याचें जातें, आणि प्रसंगीं जीवहि जातो. इमारतीच्या उंचीवर आपल्याकडील बांधकामाचे अर्धे नियम टांगलेले आहेत. मुंबई व कांहीं अपवाद वगळतां महाराष्ट्रांतील नगरांस २०२० सालीं जी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली, तींत उंच इमारतीच्या बाजूस सोडावयाचें सामासिक अंतर सर्वसाधारणपणें उंचीच्या एक पंचमांश धरलें आहे; त्यास मर्यादा व सवलती आहेत, पण तत्त्व हेंच. आतां एखाद्यानें आपली जमीन २ मीटर वर उचलून दाखविली, तर त्याची इमारत शेजाऱ्याच्या अंगणावर २ मीटर अधिक उभी राहील, आणि वर शेजाऱ्याचा ४० सेंटिमीटर उजेडहि कागदोपत्रीं न्याय्य रीतीनें कमी होईल. अग्निशमनाची गोष्ट याहून गंभीर आहे. २०१६ सालच्या राष्ट्रीय इमारत संहितेंत १५ मीटर व त्यावरील इमारत ही उंच इमारत मानून तिच्यावर जिने, पाणी व सुटकेच्या वाटा यांसंबंधीं जास्त कडक अटी घातल्या आहेत. १६ मीटरांची इमारत भरावाच्या कृपेनें १४ मीटरांची ठरली, तर त्या अटी टळतात. पण आग विझविणाऱ्यांची शिडी जेथें उभी राहावयाची तो रस्ता कांहीं भरावानें वर येत नाहीं.

तळघराचा प्रकार तर अधिकच मौजेचा आहे. तळघराचें छत सभोंवारच्या जमिनीच्या सरासरी पातळीपासून कमींत कमी ०.९ व फार तर १.२ मीटर वर असावें, असें संहिता सांगते. वाहनें ठेवण्यासारख्या ठराविक कामांसाठीं असलेलें तळघर चटईक्षेत्रांत धरीत नाहींत. मग जो मजला काल चांगला उजेडाचा तळमजला होता, त्याच्या भोंवतीं माती लोटली कीं तो तळघर होतो, हिशोबांतून नाहींसा होतो, आणि त्याच्या मोबदल्यांत वर आणखी एक मजला चढतो. जमिनींत खोदून तळघर करण्यास खर्च येतो. जमीन वर आणून तळघर करण्यास त्या मानानें फारच थोडा.

आतां संहितेचे शब्द पाहूं. सपाट छपराच्या इमारतीची उंची तिच्या सभोंवारच्या व तिला लागून असलेल्या जमिनीच्या सरासरी पातळीपासून, किंवा अधिकारी ठरवतील त्याप्रमाणें, मोजावी, अशी ती व्याख्या आहे. या व्याख्येंत दोन छिद्रें आहेत. एक, ‘अधिकारी ठरवतील’ हे शब्द. अधिकाऱ्यांनीं कशाच्या आधारें ठरवावें हें त्या वाक्यांत नाहीं; आणि ज्या अधिकारास आधार लिहून दिलेला नसतो, तो कसा व कोणाच्या दारांत वापरला जातो, हें आमच्या व्यापारी वाचकांस आम्हीं शिकविण्याचें कारण नाहीं. दुसरें छिद्र अधिक मोठें आहे: ही जमीन कोणत्या दिवसाची? अर्ज करण्यापूर्वींची, भराव घातल्यानंतरची, कीं काम संपून फरशी बसल्यानंतरची? ‘जमीन’ या शब्दास तारीख नाहीं, आणि सारी लबाडी त्या तारखेच्या अभावांत राहते.

सरासरी ही गोष्टहि दिसते तितकी निरुपद्रवी नाहीं. उताराचा एक भूखंड घ्या. त्याची वरची कड १०६ मीटर पातळीवर व खालची १०० मीटरवर आहे, आणि नियमानें १५ मीटर उंचीची परवानगी आहे असें समजा. सरासरी १०३ धरली तर गच्ची ११८ वर येईल. वरच्या अंगानें पाहणारास इमारत १२ मीटरांची दिसेल व खालच्या अंगाच्या शेजाऱ्यापुढें १८ मीटरांची भिंत उभी राहील. इंग्लंडांत २०१५ सालच्या आदेशान्वयें ज्या बांधकामांस स्वतंत्र परवानगी लागत नाहीं, त्यांची उंची जमीन समपातळींत नसल्यास लगतच्या जमिनीच्या सर्वांत उंच भागापासून मोजतात. त्या रीतीनें ही गच्ची १२१ वर जाईल. उलट अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहराच्या सर्वसाधारण व्याख्येंत इमारतीपासून ५ फुटांच्या आंतील सर्वांत सखल बिंदु धरतात. त्या हिशोबानें गच्ची ११५ वरच थांबेल. भूखंड तोच, आंकडा तोच, आणि केवळ खालचें टोंक हलविल्यानें ६ मीटरांचा, म्हणजे दोन मजल्यांचा, फरक पडतो. इंग्रजी रीत तेथील लहानसहान वाढींस ठीक असेल. आमच्याकडील डोंगरउतारांस ती लावण्याचें कोणी मनांत आणूं नये.

वॉशिंग्टन शहराची युक्ति आम्हांस अधिक पसंत आहे. तेथील १९१० सालच्या कायद्यानें इमारतीची उंची तिच्या दर्शनी बाजूच्या मध्यासमोरील पादपथाच्या पातळीपासून मोजावयाची ठरविली. पादपथ सरकारचा असल्यामुळें मालकास तो रात्रींतून वर उचलतां येत नाहीं. कायद्यांत ढिलाई नाहीं असें नव्हे. दोन रस्त्यांवर तोंड असलेल्या इमारतीस ज्या बाजूनें जास्त उंची मिळेल ती बाजू धरण्याची मुभा त्यानेंच दिली आहे. तथापि मोजणीचें मूळ मालकाच्या हाताबाहेर ठेवावें, हें तत्त्व त्यांत आहे व तें घेण्यासारखें आहे.

तें तत्त्व सोडल्यास काय होतें, याचा धडा जपाननें घेतला आहे. तेथें इमारत जेथें जमिनीस टेंकते त्या पातळ्यांची सरासरी धरतात, आणि फरक ३ मीटरांहून अधिक असल्यास प्रत्येक ३ मीटरांच्या टप्प्याची सरासरी वेगळी काढतात. १९९४ सालीं तेथील कायद्यानें राहत्या तळघरांचें क्षेत्र कांहीं मर्यादेपर्यंत हिशोबांतून वगळलें. हेतु चांगला होता. लहान घरांस एक जास्तीची खोली मिळावी. परंतु योकोहामा व कावासाकी यांच्या उतारांवर बांधकाम करणाऱ्यांनीं त्याचा असा उपयोग केला कीं, वरच्या रस्त्यावरून बैठी दिसणारी इमारत खालच्या वस्तीवर अनेक मजल्यांचा कडा होऊन उभी राहूं लागली, आणि भिंतीस माती लावून जमिनीची पातळीच वर घेण्याचे प्रकारहि झाले. रहिवाशांनीं ओरड केली. २००४ सालीं कायदा दुरुस्त होऊन जमिनीची पातळी कशी धरावी हें नियमानें ठरविण्याचा अधिकार स्थानिक संस्थांस मिळाला, व योकोहामानें त्याच वर्षीं उतारावरील अशा इमारतींसंबंधीं स्वतंत्र नियम केले. दहा वर्षें लागलीं, पण दुरुस्ती झाली.

आपल्याकडे प्रश्नाचें रूप निराळें आहे, कारण आपल्याकडे जमीन उचलण्याची आज्ञा कित्येकदां सरकारच करतें. मुंबईंत पातळी मोजण्याचें एक जुनें प्रमाण आहे. त्यास टाउन हॉल डेटम म्हणतात. १८३३ सालीं पुरा झालेला तो टाउन हॉल अजून उभा आहे व त्यांत एशियाटिक सोसायटीचें ग्रंथालय आहे. या मोजणीचें शून्य समुद्राच्या सरासरी पातळीच्या बरेंच खालीं धरलेलें असल्यामुळें खोल गटाराच्या तळाचा आंकडाहि उणा येत नाहीं. इमारतीस परवानगी देतांना महापालिका ज्या अटी घालीत आली आहे, त्यांत एक अट अशी कीं, सखल भूखंड या प्रमाणानें ९२ फुटांपर्यंत, किंवा लगतच्या रस्त्याच्या ६ इंच वर, यांपैकीं जें अधिक असेल तेथपर्यंत मुरूम, माती, दगड यांनीं भरून, दाबून, रस्त्याकडे उतार देऊन मग काम सुरू करावें.

अट आरोग्याच्या दृष्टीनें योग्य आहे. समुद्रांतून काढलेल्या शहरांत सखल जागीं घर बांधूं देणें हें पाप आहे, आणि भराव मुळींच नको असें आम्हीं म्हणत नाहीं. परंतु ‘यांपैकीं जें अधिक’ या शब्दांनीं एक असें चाक फिरूं लागलें आहे कीं, तें पुढें जातें पण मागें येत नाहीं. रस्त्यावर डांबराचा किंवा काँक्रीटचा नवा थर चढतो. नवा भूखंड त्याच्याहि वर जातो. रस्त्याची पुढील दुरुस्ती पुन्हां थर चढविते. मध्यें सांपडतात तीं जुनीं घरें व जुनीं दुकानें. ज्या दुकानांत आजोबांच्या वेळीं दोन पायऱ्या चढून जावें लागे, त्यांत आज दोन पायऱ्या उतरून जावें लागतें, हें दृश्य मुंबईच्या जुन्या पेठांत ज्यास पाहावयाचें असेल त्यास फार हिंडावें लागणार नाहीं. त्या दुकानदारानें कांहीं केलें नाहीं. तो होता तेथेंच आहे. सभोंवारची जमीन वर गेली, आणि पावसाचें पाणी आपल्या स्वभावाप्रमाणें सखल जागीं आलें. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. इतक्या पावसास कोणतेंहि गटार पुरलें नसतें हें खरें. तथापि साधारण पावसाळ्यांतहि ज्याच्या कापडाच्या गांठी व धान्याचीं पोतीं दरवर्षीं भिजतात, त्याचें नुकसान केवळ आभाळाच्या खातीं मांडतां येणार नाहीं.

येथें बांधकाम करणारे एक आक्षेप घेतील, आणि त्यांत तथ्य आहे. ते म्हणतील, भराव घालण्याची सक्ति तुम्हींच करतां, त्याचा खर्च आम्ही सोसतों. मग उंची मात्र जुन्या खड्ड्यापासून मोजून आमचा मजला कां कापतां? आमचें उत्तर असें कीं, जितका भराव सक्तीचा तितकी सवलत त्यांना द्यावी, पण ती सवलत म्हणून, आंकड्यानिशीं, परवानगीच्या कागदावर लिहून द्यावी. आणि त्याहून एक इंच अधिक भराव ज्यानें आपल्या सोयीसाठीं घातला असेल, त्याचा तो इंच इमारतीच्या उंचींत मोजावा. सामासिक अंतर व अग्निशमन यांच्यापुरती तर कोणतीच सवलत असूं नये. शेजाऱ्याच्या खिडकीस भराव सक्तीचा होता कीं हौसेचा होता हें कळत नाहीं. शंभर वर्षांपूर्वीं मुंबईच्या सुधारणा ट्रस्टचे जे. पी. ऑर यांनीं साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा जो आग्रह धरला, म्हणजे समोरच्या इमारतीच्या उंचीच्या निम्म्याइतकी तरी मोकळी जागा असावी असें म्हटलें, तो खालच्या खोलींत राहणाराच्या प्रकाशासाठीं होता. ती मोजणी खालच्या माणसापासून सुरू होत असे.

सबब नियमावलींत ‘जमीन’ या शब्दास तारीख द्यावी. अर्जाच्या दिवशीं, एक कुदळ पडण्यापूर्वीं, भूखंडाच्या चारी कडांच्या व शेजारच्या रस्त्याच्या पातळ्या कायमच्या सरकारी खुणेपासून मोजून घ्याव्यात, त्या महापालिकेच्या माणसानें तपासाव्यात, व मंजूर नकाशाबरोबर सर्वांस पाहावयास खुल्या ठेवाव्यात. विमानतळांच्या आसपास इमारतींची उंची समुद्रसपाटीपासून मोजण्याची पद्धत चालू आहेच, व तेथें भरावाची युक्ति चालत नाहीं. जें विमानांसाठीं साधतें तें माणसांसाठीं साधूं नये असें नाहीं. उतारावर सरासरी धरावयाची असल्यास इमारतीचे टप्पे पाडून प्रत्येकाची वेगळी धरावी. रस्त्यांच्या बाबतींत महापालिकांनीं स्वतःलाहि नियम लावून घ्यावा: जुना थर खरवडल्यावांचून नवा चढवूं नये. खर्चाची सबब येथें चालणार नाहीं. पातळी घेण्याचें यंत्र प्रत्येक स्थापत्य अभियंत्याच्या कोठींत असतें, आणि साधारण भूखंडाचें काम अर्ध्या दिवसांत उरकतें.

तोंपर्यंत आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या जुन्या इमारतीच्या पुनर्विकासाची बोलणीं चालूं आहेत, किंवा ज्यांच्या शेजारीं तीं चालूं आहेत, त्यांनीं एवढें करावें. करारावर सही करण्यापूर्वीं किती चौरस फूट मिळणार याच्याबरोबरच जोतें कोणत्या पातळीवर येणार, रस्ता कोणत्या पातळीवर आहे, आणि आपल्या कुंपणापाशीं भराव किती येणार, हे तीन आंकडे लेखी मागावेत. मंजूर नकाशाची प्रत माहितीच्या अधिकाराच्या २००५ सालच्या कायद्यान्वयें अर्ज करून मागतां येते. आणि भरावाच्या गाड्या येण्यापूर्वीं आपल्या भिंतीवर सध्यांच्या जमिनीची एक रेघ मारून, तारीख घालून, तिचें छायाचित्र काढून ठेवावें.