पिशवीतले पेट्रोल

सुट्ट्या लागल्या की मौद्यातली पोरे मोटारसायकली काढतात. कुणी भामरागडला जातो, कुणी बस्तरला. पाठीवरच्या पिशवीत अम्मीने दिलेला डबा असतो आणि त्याला खेटून, कोल्ड्रिंकच्या बाटलीत दोन लिटर पेट्रोल! या बाटलीविषयीच आम्हाला बोलायचे आहे.

१९३४च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय बाळगता येते. पण ते घट्ट झाकणाच्या धातूच्या भांड्यात, किंवा लिटरभराच्या काचेच्या वा चिनी मातीच्या बरणीत. प्लास्टिकच्या बाटलीचे त्यात नाव नाही. काच खड्ड्यात फुटणार, म्हणजे उरला धातूचा कॅन.

तो गाडीवर बांधलेला असताना भरू नये. जमिनीवर ठेवून, पंपाची नळी तोंडाला टेकवून भरावा, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडत नाही. वर थोडी जागा सोडावी. विदर्भातल्या उन्हात पेट्रोल फुगते. पाठीवर मुळीच नको. सायलेन्सरपासून दूर, कॅरियरवर उभा आवळावा.

खरा धोका मुक्कामावर असतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत सरकत चहाच्या चुलीपर्यंत पोहोचते. म्हणून इंजिन थंड झाल्यावर, चूल आणि सिगारेटपासून लांब जाऊनच टाकीत ओतावे.

खरे तर जंगलात शिरण्याआधीच्या शेवटच्या पंपावर टाकी भरली तर बहुतेकांना कॅन लागतही नाही. आणि घरी परतल्यावर रिकामा कॅनही स्वयंपाकघरात ठेवू देऊ नका. आत वाफ उरलेली असते.