स्प्रिंग बदलली, पण शॉकॲब्सॉर्बरचं काय?

१९५७ साली कॉलिन चॅपमनच्या लोटस कंपनीने 'सेव्हन' आणली. ब्रिटनमध्ये ही गाडी सुट्या भागांत घेऊन घरी जोडली की परचेस टॅक्स वाचायचा. १९७३ पासून केटरहॅम तिचंच उत्पादन करते आणि किट आजही मिळतं. वजन जेमतेम पाच-साडेपाचशे किलो!

अशी गाडी जोडणाऱ्याला पहिला मोह होतो तो कडक स्प्रिंगांचा. आपल्या मेकॅनिकलवाल्यांचंही तेच. माझं मत मात्र स्पष्ट आहे: नुसती स्प्रिंग बदलणं म्हणजे अर्धवट काम.

हिशेब व्हायब्रेशनच्या पेपरातलाच आहे. स्प्रिंगचा कडकपणा दुप्पट केला की क्रिटिकल डँपिंग १.४१ पट होतं. शॉकॲब्सॉर्बर जुनाच ठेवला तर डँपिंग रेशो पूर्वीच्या सुमारे ७० टक्केच उरतो. स्प्रिंग ऊर्जा साठवते. ती जिरवायचं काम शॉकॲब्सॉर्बरचं. तो कमी पडला की खड्ड्यानंतर गाडी उड्या मारत राहते. त्यात गाडी हलकी आणि त्यामानाने चाकं-ॲक्सल जड, म्हणून चाक लवकर रस्ता सोडतं. आणि हवेतलं चाक ना स्टिअरिंगचं ऐकतं, ना ब्रेकचं!

तेव्हा मित्रांनो, आधी ड्रायव्हर बसवून चारही चाकांवरचं वजन मोजा. मग स्प्रिंग निवडा आणि तिला जुळणारा शॉकॲब्सॉर्बर घ्या. खिशात एकाचेच पैसे असतील तर? स्प्रिंग मूळचीच राहू द्या, चांगला ॲडजस्टेबल शॉकॲब्सॉर्बर आधी बसवा. गाडी कडक दिसण्यापेक्षा रस्त्याला धरून राहिलेली बरी, काय राव?