तीन सेंटिमीटरची गोष्ट

जुलै 2023, बँकॉक. आशियाई अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत आपल्या मुरली श्रीशंकरने 8.37 मीटर लांब उडी मारली, तरी सुवर्ण हुकले. ते जिंकले तैवानच्या लिन यू-तांगने, 8.40 मीटरवर. नाय हुई-फांग यांचा 1993 पासूनचा 8.34 मीटरचा तैवानी विक्रमही त्याने मोडला.

लांब उडीत पूर्ण वेगाने धावत येऊन पाय फळीवर टाकायचा असतो. पुढची कड ओलांडली की उडी बाद. मागे राहिलात तर तेवढे अंतर वाया.

इतक्या अचूकपणे उडी मारणाऱ्या लिनसारख्या तैवानी खेळाडूच्या गळ्यात पदक पडते, पण पदकसोहळ्यात त्याच्या देशाचा ध्वज फडकत नाही. तैवानचे खेळाडू ‘चायनीज तैपेई’ या नावाने खेळतात. निकाल वाचताना त्या नावामागचा देश आणि माणूस ओळखा, एवढीच वाचकांना विनंती.