वेग नंतर, आधी चित्र

जुना घरगुती कॉम्प्युटर पुन्हा कामाला लावायचा म्हटलं की हौशी मंडळींची नजर आधी प्रोसेसरवर जाते. कमोडोरच्या अमिगा १२०० चंच घ्या. १९९२ साली आलेल्या आणि प्रामुख्याने युरोपातल्या घरांत नांदलेल्या या मशीनमध्ये १४ मेगाहर्ट्‌झचा ६८०२० प्रोसेसर आणि २ एमबी मेमरी होती. त्यावर ५० मेगाहर्ट्‌झच्या ६८०३० चं अ‍ॅक्सेलरेटर कार्ड चढवता येतं. पण मशीन गेमसाठीच सुधारायचं असेल, तर माझ्या मते हा खर्च शेवटी करावा आणि आधी पैसे चित्रावर घालावेत.

अमिगाचे बहुतेक गेम निव्वळ प्रोसेसरच्या जोरावर चालतच नाहीत. पडदा सरकवणं, आकृत्या हलवणं, आवाज काढणं ही कामं त्यातल्या खास चिप करतात, आणि त्यांचा ताल युरोपीय टीव्हीच्या सेकंदाला ५० चित्रांशी बांधलेला असतो. प्रोसेसर बदलून तो ताल वाढत नाही. उलट आधीच्या अमिगा ५०० च्या ७ मेगाहर्ट्‌झवर बेतलेले काही गेम वेगवान प्रोसेसरवर बिघडतात किंवा सुरूच होत नाहीत. मेमरीची गोष्ट वेगळी. मूळची २ एमबी प्रोसेसर आणि चिप वाटून घेतात. प्रोसेसरला त्याची स्वतंत्र ४ एमबी मिळाली की तोच ६८०२० जवळपास दुप्पट वेगाने काम करतो. जोडीला आत कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड बसवलं की डब्ल्यूएचडीलोड या प्रोग्रॅममुळे फ्लॉपीवरचे गेम थेट त्यावरून चालतात, आणि जुन्या गेमचं नव्या प्रोसेसरशी असलेलं भांडणही बरंचसं मिटतं.

खरी हेळसांड चित्राची होते. अमिगा १५ किलोहर्ट्‌झच्या आसपासचा सिग्नल देतो. कॉम्प्युटरचे बहुतेक मॉनिटर ३१ च्या खालचं काही ओळखत नाहीत. मग कॉम्पोझिटची पिवळी पिन सपाट टीव्हीत खुपसली जाते. रंग एकमेकांत उतरतात, अक्षरांच्या कडा थरथरतात. शिवाय बरेच टीव्ही गेमचं अखंड चित्र इंटरलेस्ड, म्हणजे एकाआड एक रेषांचं, समजतात आणि लागोपाठची दोन चित्रं एकात कालवतात. या खटाटोपात वेळ जातो, बटण दाबल्यावर उडी उशिरा दिसते आणि खापर बिचाऱ्या प्रोसेसरवर फुटतं. आरजीबी केबल आणि ओएसएससीसारखं रेषा दुप्पट करणारं यंत्र घेतलं, तर हा उशीर जवळजवळ संपतो. मॉनिटर ५० हर्ट्‌झ स्वीकारतो का, तेवढं मात्र आधी पाहावं. नाहीतर सरकता पडदा धक्के देत राहतो.

जुना पिक्चर ट्यूबचा टीव्हीच उत्तम, असं म्हणणारे चुकीचे नाहीत. स्कार्टवरून आरजीबी दिल्यास त्या काळच्या चित्रकारांनी जे पाहून रंग भरले, तेच दिसतं. अडचण एवढीच, की असे टीव्ही आता बनत नाहीत आणि दुरुस्त करणारेही फारसे उरले नाहीत. दुसरा आक्षेप त्रिमितीय गेमचा, आणि तो मला मान्य आहे. १९९३ चा ‘फ्रंटियर’ किंवा पुढे अमिगावर आणलेला ‘डूम’ खेळायचा असेल, तर जलद प्रोसेसरला पर्याय नाही. पण असे गेम मूठभर. त्यासाठी ६८०३० जरूर घ्यावा, फक्त मदरबोर्डवरचे मूळ कपॅसिटर बदलून झाल्यावर. त्यांतून गळणारा द्राव तांब्याच्या रेषा खातो, आणि खाल्लेल्या बोर्डावर महागडं कार्ड चढवून उपयोग नाही.