शिपायाच्या पत्रावर दोन सेन्सॉर

पहिल्या महायुद्धातल्या ‘भारतीय सैनिकाचा आवाज’ ऐकायचा तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जा, असं अभ्यासक सांगतात. फ्रान्समध्ये लढायला नेलेल्या हिंदी शिपायांच्या पत्रांचे उतारे तिथे जपलेले आहेत. हे जपणं प्रेमापोटी झालेलं नाही. 1914 साली बसवलेल्या सेन्सॉर कचेरीने ही पत्रं उघडली, इंग्रजीत उतरवली आणि वरिष्ठांकडे पाठवली. ‘तू भरती होऊ नकोस’ असं कुणी गावाकडच्या भावाला कळवतोय का, यावर तिची नजर होती.

पण हा ‘भारतीय’ सैनिक कोण? बहुतेक शीख, पंजाबी मुसलमान, पठाण, राजपूत, गढवाली. महार पलटण त्यात असूच शकत नव्हती. तारखा पाहा. 1890च्या दशकात ‘लढाऊ जाती’चं खूळ काढून इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला, शिवराम जानबा कांबळेंनी 1910 साली पुन्हा लिहिला. हिंदी पायदळ फ्रान्समधून हललं 1915च्या अखेरीस. माणसं कमी पडली तेव्हा 111वी महार पलटण उभी राहिली 1917 साली. आणि गरज सरताच, 1921 साली, ती मोडली.

म्हणजे जातीने आधी भरती नाकारली आणि भरती नाकारल्यामुळे दप्तरात आवाज उरला नाही. आता त्याच दप्तराला ‘भारताचा आवाज’ म्हणायचं, ही चलाखी आहे.

भरतीबरोबर आणखी एक गोष्ट गेली. पलटणीतल्या शाळेने आपल्याला अक्षर दिलं होतं. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते, बाबासाहेब त्या घरात वाढले. दार बंद झालं तेव्हा नुसता पगार बुडाला नाही, शाळाही बुडाली. शाळा बुडाली की पत्र लिहिणारा हात कुठून येणार?

ऑक्टोबर 1941मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, तीही बाबासाहेबांनी सरकारकडे धरलेल्या आग्रहातून. त्या काळी लष्करात रंगरुटांना शिकवायचे रोमन लिपीतली उर्दू. घरी पत्र जाणार मराठीत. ज्याला मराठी लिहिता येत नव्हतं, त्याने ते कुणाकडून लिहून घ्यायचं? आणि महारवाड्यात वाचणारं कुणी नसेल तर बायकोने ते पत्र घेऊन कुणाच्या दारात जायचं, किती अंतरावर उभं राहून ऐकायचं?

महार शिपायाच्या पत्रावर असे दोन सेन्सॉर होते. एक लष्कराचा, दुसरा गावाचा. आपलं पत्र वरच्या आळीत मोठ्याने वाचलं जाणार हे ठाऊक असलेला रंगरूट ‘इथे मला कुणी लांब उभं करत नाही’ हे कागदावर मोकळेपणाने लिहील का? घरच्यांवर काय बेतेल, याचा विचार तो आधी करेल. लष्करी सेन्सॉरने निदान नकला ठेवल्या. गावच्या सेन्सॉरने काहीच ठेवलं नाही.

यावर ‘कागद दाखवा, मग इतिहास बोला’ असं सुनावणारे विद्वान आहेत. ज्यांच्या हाती अक्षर येऊ दिलं नाही त्यांच्याकडेच कागद मागणं हा बेशरमपणा आहे. मात्र त्यांना दोष देऊन आपली सुटका होत नाही. 1 जानेवारीला आपण लाखोंनी भीमा कोरेगावला जातो, स्तंभावरची नावं अभिमानाने वाचतो. आणि 1941च्या पिढीची पत्र्याची ट्रंक घर नव्याने बांधताना भंगारात घालतो.

त्या ट्रंका उघडा. पोस्टकार्ड, मनीऑर्डरची पावती, पेन्शनचा कागद, मागे नाव लिहिलेला फोटो, जे असेल ते जपा. मोबाइलवर त्याचे फोटो काढा, नाव-गाव-साल लिहून विहारात एक वही ठेवा. पत्र नसेल तर पत्राची आठवण लिहून घ्या: कोण वाचून दाखवायचं, आजी कुठे उभी राहायची, ऐकल्यावर घरी येऊन काय म्हणायची. सांगणारी माणसं फार थोडी उरली आहेत. त्यांच्यासोबत ही आठवणही गेली, तर पुढच्या पिढीला ‘कागद दाखवा’ म्हणणाऱ्यांपुढे रिकाम्या हाताने उभं राहावं लागेल.

जय भीम.