आपली आपण झडती

दिवाळी तोंडावर आली की घरोघरचे माळे उपसले जातात, डबे उन्हात पडतात, आणि पेठेतला व्यापारी जुनी चोपडी मिटवून नव्या चोपडीवर कुंकू वाहतो. घर स्वच्छ होते, हिशेब स्वच्छ होतो. परंतु माणसाने आपले सबंध आयुष्यच उपसून उन्हात टाकावे, असा मुहूर्त काही पंचांगात छापलेला नसतो. तो ज्याचा त्याने काढावा लागतो. आमच्या खडकीतल्या एका शेजाऱ्यांनी तो काढला. त्यांची परवानगी घेऊनच ही हकीकत वाचकांना सांगत आहे. नाव मात्र सांगणार नाही. आम्ही सारे त्यांना ‘दादा’ म्हणतो, तेवढे पुरे.

दादा रोमन कॅथलिक. मूळ गाव नगरकडचे आणि बोलीही अस्सल नगरी. येथल्या ॲम्युनिशन फॅक्टरीत, म्हणजे १८६९ साली सुरू झालेल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात, त्यांनी अडतीस वर्षे फिटरकी केली. दिवाळीला आमच्याकडून त्यांच्याकडे फराळ जातो, नाताळात त्यांच्याकडून ताट भरून येते, असा आमचा घरोबा. गेल्या वर्षी डॉक्टरांनी त्यांना हृदयाची शस्त्रक्रिया सांगितली. त्याच आठवड्यात दादा माझ्याकडे आले नि म्हणाले, “रावसाहेब, ऑपरेशनच्या आधी जनरल कन्फेशन करायचं म्हणतोय. एखादी कोरी वही असली तर द्या. अडतीस वर्षं गेटवर झडती दिली. आता आपली आपणच घ्यायची.”

कन्फेशन म्हणजे पापनिवेदन. गोव्याकडे त्याला कुमसार म्हणतात. श्रद्धावंत कॅथलिक माणूस आपली पापे धर्मगुरूंपाशी एकान्तात सांगतो. ते देवाच्या नावाने क्षमा देतात आणि काही प्रायश्चित्त नेमून देतात. वर्षातून निदान एकदा हे करावे, असा दंडक १२१५ सालच्या लॅटरन धर्मपरिषदेने घातला. ऐकलेल्यातला एक शब्दही धर्मगुरूंनी बाहेर काढायचा नाही, मग प्राणावर बेतले तरी. एवढे मलाही ठाऊक होते. जनरल कन्फेशन त्याहून वेगळे. त्यात सबंध आयुष्याची, किंवा आयुष्याच्या एखाद्या मोठ्या कालखंडाची, पापे एकत्र सांगायची असतात.

मी बँकेतला जुना माणूस. फिटलेले कर्ज पुन्हा खात्यावर मांडणे मला पटेना. “जी पापं एकदा माफ झाली, ती पुन्हा कशाला सांगायची?” असे मी विचारले.

“माफीसाठी नव्हे,” दादा म्हणाले. “सक्ती तर मुळीच नाही. तुकड्यातुकड्यांनी पाहिलेलं आयुष्य एकदा सलग पाहायचं. आता, मागं कधी एखादं मोठं पाप जाणूनबुजून लपवलं असेल, तर गोष्ट वेगळी. मग ते सांगावंच लागतं.” एवढे बोलून ते जरा थांबले, आणि वही काखोटीला मारून निघून गेले.

दादा ज्या चर्चमध्ये मिस्साला जातात, ते सेंट इग्नेशियसच्या नावाचे आहे. छावणीच्या वस्तीत या संताचे नाव शोभून दिसते, कारण इग्नेशियस मुळात शिपाईगडी. २० मे १५२१ रोजी स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय फोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याचे मन पालटले. पुढच्या वर्षी मार्चमध्ये मॉन्सेरातच्या मठात जाऊन त्याने सबंध आयुष्याची पापे कागदावर लिहून काढली. त्याचे पापनिवेदन तीन दिवस चालले होते! तलवार त्याने तिथल्याच वेदीपाशी ठेवून दिली.

पुढे त्याने आध्यात्मिक साधनेचे एक पुस्तक सिद्ध केले. पोप तिसरे पॉल यांनी १५४८ साली त्याला मान्यता दिली. आयुष्य आठवावे कसे, याची त्यात फार सोपी युक्ती आहे. वर्षावर्षाने मागे जावे आणि तीन गोष्टी डोळ्यांपुढे आणाव्या : आपण कोणकोणत्या घरांत राहिलो, कोणाकोणाशी आपला संबंध आला, आणि कोणकोणती कामे केली. वाचकहो, एकदा करून पाहा. ‘मी काय चुकलो?’ असे विचारले तर मन मख्खपणे बसून राहते. पण जुन्या बिऱ्हाडाचा जिना आठवला की त्या जिन्यावरून माणसे आपोआप खाली उतरू लागतात.

दादांनी तसेच केले. गावचे घर, खडकी बाजारातली चाळीची खोली, कारखान्याचे क्वार्टर आणि आताचा फ्लॅट, असे चार मथळे त्यांनी वहीत घातले. मथळ्यांखालचे मी वाचले नाही, त्यांनीही दाखवले नाही. आठवड्याने मात्र ते हसत हसत सांगत आले, “सात पानं भरली रावसाहेब, पण त्यातली पाच मेव्हण्याच्या पापांची! फादर म्हणाले, मेव्हण्याचं मेव्हणा सांगेल, तुम्ही तुमचं सांगा.” मग त्यांनी ती पाने फाडली. नंतर उरलेल्यांतले ‘पण’ आणि ‘त्या वेळची परिस्थिती’ खोडायला घेतले. मजकूर बराच आटोपशीर झाला म्हणाले.

येथवर ठीक होते. पुढे मात्र वहिनी काळजीत पडल्या. “भावोजी, रात्री दोन-दोन वाजता उठून लिहीत बसतात हो! डॉक्टरांनी झोप सांगितली आहे.” दादांना आता सगळेच पाप दिसू लागले होते. लहानपणी चिंच पाडली तेही पाप, आणि ते सांगायचे विसरलो तर आणखी एक पाप.

इग्नेशियसचेही हेच झाले होते. तीन दिवस सांगूनही मान्रेसा गावी त्याला शंका छळू लागल्या : हे राहिले, ते नीट सांगितले नाही. अगदी स्पष्ट असल्याखेरीज मागचे काही उकरू नका, असे त्याच्या धर्मगुरूंनी बजावले. पण त्याला तर सारेच स्पष्ट दिसत होते! जीव देण्याचेही विचार त्याच्या मनात येऊन गेले. अखेर, मागचे पुन्हा काढायचे नाही असा निश्चय त्याने केला, तेव्हा तो सुटला. दादांच्या फादरांनी त्यांना हीच गोष्ट सांगितली, आणि वही मिटवायची तारीखच ठरवून दिली. आठवेल तेवढे प्रामाणिकपणे सांगावे, नेमका आकडा आठवत नसेल तर अंदाज सांगावा. बाकीचे देव जाणतो. पश्चात्ताप निराळा आणि स्वतःचा छळ निराळा.

वही मिटवण्याच्या आदल्या संध्याकाळी दादा पुन्हा आले. या वेळी हसत नव्हते. तीस वर्षांपूर्वी गावची वडिलार्जित जमीन विकली, तेव्हा धाकट्या भावाला त्यांनी किंमत कमी सांगितली होती. भावाच्या वाट्याचे अठरा हजार रुपये मागे राहिले, आणि क्वार्टरमधला पहिला फ्रिज नि मुलीची फी त्यातून भागली. “घेतलेलं परत केल्याशिवाय नुसतं वाईट वाटून उपयोग नाही,” ते म्हणाले. “व्याज काढून द्या.” मी आठ टक्के चक्रवाढीने हिशेब केला. १ लाख ८१ हजार झाले. दादा आकड्याकडे पाहत राहिले. ऑपरेशनसाठी ठेवलेल्या रकमेत ही तूट भरून कशी निघणार, ते मला दिसत होते. वहिनींनी आपली एक मुदतठेव मोडायला दिली, तीही न विचारता.

गांधीजींच्या आत्मकथेत असाच एक प्रसंग आहे. लहानपणी केलेली सोन्याची चोरी त्यांनी चिठ्ठीत लिहून वडिलांच्या हाती दिली. वडिलांच्या डोळ्यांतून आसवे ओघळली आणि त्यांनी चिठ्ठी फाडून टाकली. असे वडील सर्वांच्या वाट्याला येत नाहीत. दादा गावी जाऊन आले. भावाने पैसे मोजून घेतले, चहा दिला, आणि एस.टी.पर्यंत पोचवायला काही आला नाही.

“मग?” मी विचारले.

“मग काय? फादर म्हणाले, परत देणं तुमच्या हातात होतं. माफ करणं त्याच्या हातात आहे, आणि त्याला मुदत घालायची नाही.”

दुसऱ्या दिवशी दादांनी कन्फेशन केले. तीन दिवस लागले नाहीत, पाऊण तास पुरला. संध्याकाळी घरामागे वही जाळली, आणि मला वहीचे पैसे द्यायला आले. मी अर्थातच घेतले नाहीत. शस्त्रक्रिया नीट पार पडली. दादा आता सकाळचे फिरायला जातात आणि रात्री झोपतात.

या दिवाळीत माळा उपसताना जुनी पत्रे, जुन्या पावत्या हाती लागतीलच. एखाद्या पावतीवर कोणाचे तरी नाव असेल. रद्दीत टाकण्यापूर्वी ते एकदा वाचावे, आणि त्या माणसाचा पत्ता अजून तोच आहे का, याची चौकशी करावी.